आधी नशा सोडवायची की आधी मन सांभाळायचे? निवारागृहातील एका मुलाच्या निमित्ताने

एका मोठ्या रेल्वे जंक्शनजवळच्या मुलांच्या निवारागृहात काम करणाऱ्या तरुण समाजकार्यकर्तीने हा प्रश्न पाठवला आहे. त्यांच्याकडे तीन महिन्यांपूर्वी १४ वर्षांचा एक मुलगा आला. त्याआधी तो दोन वर्षे फलाटावर राहत होता. पंक्चरचे सोल्युशन रुमालावर घेऊन तो ओढतो, अधूनमधून गांजाही घेतो. घरी दारू पिणाऱ्या वडिलांची रोजची मारहाण होती, आई चार वर्षांपूर्वी वारली, आणि घरी नऊ वर्षांची धाकटी बहीण आहे. निवारागृहातून तो आठवड्यातून एकदा-दोनदा संध्याकाळी पळून जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतो. अधीक्षकांचे म्हणणे आहे की आता पुन्हा पळाला तर त्याला परत घेऊ नये. प्रश्न असा की त्याच्या नशेचे मूळ बालपणीच्या आघातात आहे असे धरायचे का, आणि धरले तर आधी नशा सोडवायची की आधी आघातावर उपचार करायचे.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. माझी बरीच वर्षे व्यसनमुक्तीच्या बाह्यरुग्ण विभागात आणि बालगृहांच्या भेटींमध्ये गेली. खाली ज्या मुलांचा उल्लेख येईल त्यांची ओळख पटू नये म्हणून तीन-चार हकिकती एकमेकींत मिसळल्या आहेत.

प्रश्नाच्या पहिल्या भागाबद्दल संशोधन बरेच झाले आहे. अमेरिकेत सॅन डिएगो येथे १९९५ ते १९९७ या काळात डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १७,००० हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातले व्यसन, आईला होणारी मारझोड, घरातील कुणाचा तुरुंगवास अशा गोष्टी. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांत असे दिसले की यांपैकी चार किंवा अधिक प्रकारांतून गेलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, अमली पदार्थांचा वापर, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असे काहीही न अनुभवलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट होता. २००३ मध्ये याच अभ्यासातून केवळ अमली पदार्थांपुरते निष्कर्ष आले. त्यांनुसार पाच किंवा अधिक प्रतिकूल अनुभव असलेल्यांनी अमली पदार्थांमुळे अडचणीत आल्याचे सांगण्याचे प्रमाण सात ते दहा पट होते. हे लोक झोपडपट्टीतले नव्हते. आरोग्यविमा असलेली, बव्हंशी नोकरदार मध्यमवर्गीय माणसे होती. त्यामुळे हा सगळा गरिबीचाच परिणाम आहे, असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

तरी माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी आणखी एक अभ्यास आवर्जून सांगते, कारण तो उत्साहाला वेसण घालतो. कॅथी स्पॅट्झ विडम यांनी प्रौढांच्या आठवणींवर विसंबण्याऐवजी, लहानपणी छळ किंवा हेळसांड झाल्याची न्यायालयात नोंद झालेली मुले निवडली आणि ती मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. १९९९ च्या त्यांच्या निष्कर्षांत असे आढळले की तिशीच्या आतबाहेर असताना या मुलांमध्ये अमली पदार्थांच्या विकारांचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा लक्षणीय जास्त नव्हते. मात्र त्याच माणसांना मोठेपणी ‘लहानपणी तुमचा छळ झाला होता का’ असे विचारले, तेव्हा ‘हो’ म्हणणाऱ्यांमध्ये ते स्पष्टपणे जास्त होते. पुढे हीच माणसे चाळिशीत पोचली तेव्हा नोंद असलेल्या गटात अमली पदार्थांचा वापर साधारण दीडपट दिसला. नाते आहे, पण वाट सरळ नाही. आज ती घटना काय म्हणून आठवते, तिला आज कोणता अर्थ चिकटला आहे, यालाही वजन आहे. उपचाराला जागा तिथेच मिळते, कारण घडून गेलेले बदलता येत नाही, पण त्याचा अर्थ बदलू शकतो.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: आघात हे नशेचे एक मोठे कारण आहे, पण एकटे ते पुरत नाही. हाताशी असलेला स्वस्त पदार्थ, तो दाखवणारा सोबती आणि संध्याकाळी परत येण्याजोगे ठिकाण नसणे, या तिन्ही गोष्टी लागतात. मुलांच्या अनुभवांची बेरीज करून ‘याचे गुण सहा, म्हणजे हा व्यसनी होणारच’ असे भाकीत करण्याची जी नवी टूम संस्थांमध्ये आली आहे, ती मला अजिबात मान्य नाही. लोकसंख्येसाठी काढलेला आकडा एका मुलाच्या कपाळावर चिकटवता येत नाही. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके अभ्यास केला. त्यांच्यातील सर्वांत बिकट परिस्थितीतल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले धडधाकट, कर्ती माणसे झाली, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस होते. ते माणूस आई-वडीलच असावे लागत नाही, हे तुमच्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता सोल्युशनकडे येते, कारण या मुलाला समजून घ्यायचे तर त्या रुमालापासून सुरुवात करावी लागते. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचे सोल्युशन, चपला चिकटवण्याचा डिंक यांत टोल्युइनसारखी द्रावके असतात. ती फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही सेकंदांत पोचतात. अंमल थोड्याच वेळात उतरतो, म्हणून मूल पुन्हापुन्हा ओढते. मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेला ही द्रावके बळ देतात आणि उत्तेजित करणाऱ्या यंत्रणेला दाबतात, म्हणजे दारूशी मिळतेजुळते काम दारूपेक्षा कितीतरी झटपट करतात. भूक मरते. थंडी वाजत नाही. पायाला लागलेले दुखत नाही. फलाटावर झोपणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला याहून जास्त काय हवे असते, हा प्रश्न मी वकिलांना आणि पोलिसांना अनेकदा विचारला आहे.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात हुंगण्याचे पदार्थ हा असा एकमेव वर्ग निघाला, ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त होते. १० ते १७ या वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांमध्ये ०.५८ टक्के. मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या जास्त असणाऱ्या राज्यांत उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश यांच्यासोबत महाराष्ट्राचे नाव आहे. २०१२ मध्ये केंद्र सरकारने बाटलीतल्या व्हाइटनर-थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी आणली. स्टेशनांवर त्याचा परिणाम एवढाच दिसला की मुले सायकलच्या दुकानाकडे आणि चांभाराच्या डिंकाकडे वळली. ज्या वस्तूशिवाय रोजचा व्यवहार चालत नाही, ती मुलांच्या हातून काढून घेण्याची कल्पना कागदावरच शोभते.

इथे एक सूचना सर्वांत आधी लिहायला हवी होती. मूल ओढत असताना किंवा नुकतेच ओढून झाले असताना त्याच्या मागे धावू नका, ओरडू नका, दंडाला धरून ओढू नका. द्रावकांमुळे हृदय अतिसंवेदनशील झालेले असते आणि भीतीने किंवा पळण्याने शरीरात उसळलेल्या ॲड्रेनॅलिनमुळे हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू येऊ शकतो. १९७० साली डॉ. मिलर्ड बास यांनी अमेरिकेतील अशा ११० अचानक मृत्यूंची नोंद केली होती. रेल्वेच्या जवानांना आणि निवारागृहाच्या रखवालदारांना हे एकदा समजावून सांगितले तरी एखादा जीव वाचेल. शांतपणे जवळ बसावे, हवा मोकळी ठेवावी, आजूबाजूला काडी-विडी पेटू देऊ नये, आणि शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवून रुग्णवाहिका बोलवावी.

आघात आणि हा रुमाल कुठे जोडले जातात? रोज रात्री मार खाणाऱ्या मुलाची झोप कधीच गाढ नसते. बापाची चप्पल गल्लीत वाजली की त्याला कळते, आज किती प्यायला आहे तेही पावलांवरून कळते. धोका ओळखणारा मेंदूचा भाग वर्षानुवर्षे असा जागता राहिला की तो मग घर सुटल्यावरही झोपत नाही. ताणाच्या संप्रेरकांचे चढउतार बिघडतात, आणि भावनांना लगाम घालणारा कपाळामागचा भाग, जो तसाही पंचविशीपर्यंत पक्का होत नाही, तो मागे पडतो. असे मूल वर्गात बसू शकत नाही, हाक मारली तरी दचकते, थट्टेवर हात उचलते. लोकांना ते उद्धट वाटते. त्याला मात्र अंगात सतत काहीतरी वाजत असल्यासारखे होते, आणि रुमाल नाकाशी धरला की ते वाजणे थांबते. एका मुलाने मला सांगितले होते, “डोक्यातला टीव्ही बंद होतो.” नशेची याहून नेमकी व्याख्या मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही.

उलट टोकाची मुलेही असतात, जी दचकत नाहीत, रडत नाहीत, स्वतःविषयी दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी बोलतात. ती सुन्न झालेली असतात, आणि काहीतरी जाणवावे म्हणून एमडी म्हणजे मेफेड्रोनसारख्या उत्तेजक पदार्थांकडे किंवा ब्लेडने हात कापण्याकडे वळतात. मुलींमध्ये हे मी जास्त पाहिले. त्यांची नशा दिसतही नाही, कारण ती मिश्रीच्या, खोकल्याच्या औषधाच्या किंवा आजीच्या झोपेच्या गोळ्यांच्या आडोशाने चालते. प्रत्येकजण आपल्या दुखण्याला जुळणारा पदार्थ निवडतो, असे एडवर्ड खंट्झियन यांनी १९८५ मध्ये मांडले. ते मला अर्धेच पटते. आपल्याकडे मुले पदार्थ निवडत नाहीत. त्या गल्लीत जे मिळते ते घेतात, आणि त्याचा उपयोग कशासाठी करायचा ते नंतर शिकतात.

मारहाण दिसते, तिचे वळ दिसतात. हेळसांड दिसत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या आई-बापांमागे म्हाताऱ्या आजीकडे सहा-सहा महिने राहिलेली मुले, आई गेल्यावर या मामाकडून त्या काकाकडे फिरलेली मुले, यांना कुणी मारलेले नसते. ‘काय झाले’ असे विचारले तर ती खरेपणाने ‘काही नाही’ म्हणतात. काहीच न घडणे, कुणीच न विचारणे हेच त्यांच्या बाबतीत घडलेले असते. आणि घर सोडले म्हणून आघात थांबत नाही. फलाटावरच्या टोळीत जागा मिळवायची तर पहिला दम मारावा लागतो. सोल्युशन पुरवणारा दादाच पुढे चोरीला पाठवतो, मार देतो, आणि लैंगिक शोषणही पुष्कळदा त्याच्याकडूनच होते. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सहन केल्याचे सांगितले होते, आणि त्यांतील बहुतेकांनी तोवर कुणाकडेही वाच्यता केली नव्हती. तुम्ही प्रश्नात ‘बालपणीचा आघात’ असा शब्द वापरला आहे. मोठ्या रुग्णांच्या बाबतीत तो ठीक आहे. तुमचा मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याचे बालपण अजून चालू आहे. आघातावर उपचार करायचे म्हणजे पहिल्यांदा तो आजही चालू आहे का ते पाहायचे.

आता दुसरा भाग, आधी काय. मी शिकत होते तेव्हा ‘आधी पूर्ण सोडा, मग बोलू’ असा दंडक होता. दारूच्या किंवा ब्राऊन शुगरच्या प्रौढ रुग्णाला आधी टर्कीतून, म्हणजे नशा तुटल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासातून, बाहेर काढावे लागते, त्या अनुभवातून तो आला होता, आणि तेवढ्यापुरता तो योग्यही होता. पण आघात झालेल्या मुलाची नशा काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही, तर डोक्यातला टीव्ही पूर्ण आवाजात सुरू होतो आणि मूल पळते. आज जगभर दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच माणसाच्या देखरेखीखाली हाताळाव्यात याकडे कल आहे, आणि माझा अनुभवही तेच सांगतो. फक्त आघातावर उपचार म्हणजे मुलाकडून सगळी हकिकत वदवून घेणे, असा गैरसमज फार पसरला आहे.

तो गैरसमज एके काळी माझाही होता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बालगृहात अकरा वर्षांचा एक मुलगा पहिल्याच भेटीत माझ्याशी दीड तास बोलला. सगळे सांगितले, रडला, मीही डोळे पुसले, आणि आज आपण मोठे काम केले अशा समाधानात घरी गेले. त्याच रात्री तो भिंतीवरून उडी मारून गेला, आणि दोन दिवसांनी रुळांजवळ बेशुद्ध सापडला. जगला. परत आल्यावर तीन महिने तो माझ्या खोलीत पाऊल ठेवेना, आणि त्याचे बरोबरच होते. ज्या दारामागे त्याने ते सारे कोंडून ठेवले होते ते मी उघडले, आणि रात्री त्या खोलीत त्याला एकट्याला सोडून दिले.

त्यानंतर मी पहिल्या भेटीत तीनच गोष्टी विचारते: जेवलास का, झोप कशी लागते, आणि आज रात्री कुठे झोपणार आहेस. नशेविषयी विचारताना ‘का घेतोस’ हा प्रश्न टाळते, कारण त्यात आरोप असतो आणि उत्तर मुलालाही ठाऊक नसते. ‘दिवसातल्या कोणत्या वेळी जास्त लागते’ हे विचारते. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मुले चटकन देतात, आणि त्या उत्तरात निम्मे निदान असते. एका मुलाने ‘लाइट गेल्यावर’ असे सांगितले होते. वसतिगृहात साडेनऊला दिवे मालवत. त्याला दाराजवळची खाट दिली, बाहेरच्या पडवीतला दिवा रात्रभर चालू ठेवला, आणि सकाळी अंगाला हात लावून उठवायचे नाही, लांबून नावाने हाक मारायची, असे रखवालदार काकांना सांगितले. खर्च एका दिव्याचा. त्याचे पळणे महिन्याभरात खूप कमी झाले. त्याच्या लहानपणी अंधारात काय घडत होते ते त्याने मला सात महिन्यांनी, कॅरम खेळताना, माझ्याकडे न बघता सांगितले.

अशी गोष्ट कानावर आली की एक कायदेशीर कर्तव्य उभे राहते, ते टाळू नका. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणे बंधनकारक आहे आणि न देणे हा गुन्हा आहे. म्हणून ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीच देऊ नये. ‘तुला कुणी इजा करत असेल तर मला ते काही लोकांना सांगावे लागेल, पण तुला आधी सांगेन आणि तुझ्याबरोबर राहीन’ असे सुरुवातीलाच सांगावे. यामुळे काही मुले गप्प बसतात. तरीही मोडलेल्या वचनापेक्षा ते गप्प बसणे बरे.

शरीराची तपासणीही मागे पडू देऊ नका. द्रावके ओढणाऱ्या मुलाच्या पायांतील जोर गेला तर तो आळशीपणा समजला जातो, पण मूत्रपिंडावर परिणाम होऊन रक्तातील पोटॅशियम घसरल्यानेही तसे होते, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळते. तोल, हातांचा कंप, नजर, ऐकणे हे तपासून घ्यावे. बुद्ध्यंकाची चाचणी मात्र नशा सुटून काही आठवडे उलटल्याखेरीज करू नये. पहिल्याच आठवड्यात ‘मतिमंद’ असा शेरा बसलेली आणि नंतर दहावी पास झालेली मुले मला माहीत आहेत. सोल्युशनची तलफ घालवणारे खास औषध नाही. पण मूल नायट्राझेपॅम-अल्प्राझोलामसारख्या गोळ्या, ज्यांना मुले ‘बटण’ किंवा ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, रोज घेत असेल तर त्या एकदम बंद करू नयेत. फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकते. त्या रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवाव्या लागतात. रोजच्या दारूचेही तेच.

हकिकत सांगण्याचे दिवस नंतर येतात. मुलाला शरीरातला ताण ओळखता येऊ लागला, तलफ आली की दहा मिनिटे काय करायचे हे ठाऊक झाले, आणि एखाद्या मोठ्या माणसावर त्याचा थोडा विश्वास बसला, की प्रशिक्षित समुपदेशकाच्या मदतीने त्या आठवणींना थोड्याथोड्या प्रमाणात सामोरे जाता येते. आघातकेंद्रित बोधात्मक-वर्तनोपचार, म्हणजे आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे हळूहळू बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, हिला यात संशोधनाचा चांगला आधार आहे. तोवर शरीराला लय देणाऱ्या गोष्टी फार उपयोगी पडतात: कबड्डी, पोहणे, ढोल. गणपतीच्या आधी दोन महिने ढोलपथकाच्या सरावाला जाणारा एक मुलगा त्या काळात सोल्युशनला शिवलाही नव्हता. (विसर्जनाच्या रात्री पथकातल्याच कुणीतरी त्याला बिअर पाजली, हेही सांगायला हवे. पुढच्या वर्षी आम्ही पथकप्रमुखांना आधीच भेटलो.)

अधीक्षकांच्या म्हणण्याबद्दल थोडे परखड लिहिते. जो मुलगा आठवड्यातून दोनदा पळतो तो आठवड्यातून दोनदा परतही येतो, आणि माझ्या लेखी परत येण्याची नोंद जास्त महत्त्वाची आहे. दोन वर्षे फलाटावर काढलेल्या मुलाला सकाळी जाण्यासाठी एक दार आहे असे वाटू लागणे, हीच तीन महिन्यांतली प्रगती आहे. ते दार बंद केले तर त्याच्या बापाने आणि फलाटावरच्या दादाने त्याला जे शिकवले तेच आपण पक्के करून देऊ. पळाल्याबद्दल टक्कल करणे, कोंडून ठेवणे, संडास धुवायला लावणे हे प्रकार मी स्वतः पाहिले आहेत. संस्थेतल्या मुलाशी असे वागणे बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ खाली क्रूरतेत मोडू शकते, हे अधीक्षकांना सौम्य शब्दांत सांगता येईल. त्याच कायद्याचे कलम ७७ मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. धाक दाखवायचाच तर तो त्या दादाला दाखवावा.

संस्थांची एक अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे तोडगा नाही. अकरा महिन्यांच्या करारावर आलेले समुपदेशक बदलत राहतात, आणि मुलाला पुन्हापुन्हा माणसे सोडून जाण्याचा अनुभव येतो. जाणार असाल तर निदान महिनाभर आधी मुलाला सांगा, नवीन व्यक्तीची ओळख स्वतः करून द्या. सतरावे वर्ष लागले की बरी झालेली मुलेही घसरतात, कारण अठराव्या वाढदिवसाला गेटबाहेर पडावे लागणार हे त्यांना कळत असते. कायद्यात २१ वर्षांपर्यंतच्या अनुरक्षण सेवेची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. तिचा अर्ज वाढदिवसाच्या आधी वर्षभर हलवायला लागावे.

या आठवड्यात काय करता येईल ते लिहिते. तो कोणत्या दिवशी, किती वाजता पळतो याची तीन महिन्यांची नोंद काढा. पळण्याआधीच्या तासात त्याच्याजवळ एक माणूस असू द्या, काही न विचारता, भाजी निवडत किंवा पत्ते खेळत. परत आल्यावर आधी आंघोळ, मग जेवण, मग झोप, आणि बोलणे दुसऱ्या दिवशी. जवळच्या जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात एकदा तपासून घ्या. तुम्हाला स्वतःला सल्ला हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे क्रमांक आहेत.

आणि तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी पुन्हापुन्हा अडखळले. घरी नऊ वर्षांची बहीण आहे, एवढेच लिहून तुम्ही पुढे गेला आहात. आई नाही, बाप रोज पितो, आणि मार खायला आता भाऊही घरात नाही. हा मुलगा संध्याकाळीच पळतो. बाप कामावरून परत येण्याची वेळ कोणती आहे, हे त्याला विचारा. तो प्रत्येक वेळी फलाटावरच जातो, की आधी घराच्या गल्लीत एक फेरी मारून येतो, हेही विचारा. पण त्याच्या उत्तराची वाट न पाहता उद्या सकाळीच बाल कल्याण समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला त्या मुलीबद्दल लेखी कळवा, गृहभेटीची मागणी करा, आणि तसे केल्याचे त्याला संध्याकाळच्या आत सांगा.